प्रत माहितीसाठी

नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स,
२४ ऑक्टोबर २०२१

प्रिय शामला,

व्हॉट्सॲप सोडून ही बया कागदावर कशी उतरली, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलत सुटतेस, मी ऐकत सुटते, आणि जे सांगायचं ते राहून जातं. असं दीड वर्ष गेलं. तेव्हा चहा आधीच करून घे आणि हे शेवटपर्यंत वाच.

माझ्या दोन्ही लशी झाल्या. इथे कॉफी प्यायला आत शिरायचं तर मोबाइलवरचा कोड दाखवावा लागतो. जुगार मात्र घरबसल्या! या एक तारखेपासून मोबाइलवरचा जुगार इथे कायदेशीर झालाय. बातम्यांच्या आधी त्याची जाहिरात, नंतरही त्याचीच, आणि त्यात थोराड फुटबॉलपटू दात काढून हसताहेत. आपल्या केनियाने तरी काय वेगळं केलं? गेल्या वर्षी पैजांवरचा कर काढला, यंदा जुलैत पुन्हा बसवला. या लोकांना हाकलायचं की जेवायला बोलवायचं, हेच सरकारला ठरवता येत नाही. अठ्ठावीस वर्षं नैरोबीत जुगारावर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यात काढली म्हणून एवढी चिडते. सकाळी कॅसिनोत जायचं, टेबलांखालच्या पैशांच्या पेट्यांची सीलं तपासायची, आपल्यासमोर पेट्या उघडून घ्यायच्या, सरकारचा कर काढायचा. त्या पेटीत कुणाचं घर आलंय, हे विचारायचा रकाना आमच्या कागदावर नव्हता. मीही कधी विचारलं नाही.

आता माझ्याच घरातलं ऐक. यशोधन आइंडहोवनची नोकरी दीड वर्ष माळ्यावर बसून करतोय. मला वाटायचं, लेक किती राबतो! जेवायला हाक मारली की "दोन मिनिटं, आई," आणि ती दोन मिनिटं पाऊण तासाची. गेल्या आठवड्यात नीलिमाने पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता सांगितलं, की घरासाठी साठवलेलं सगळं गेलं. तो कुठल्याशा परदेशी साइटवर खेळत होता, आता इथल्यांवर खेळतो. मी म्हटलं, "माझ्या मुलाला हिशोब कळतो." ती म्हणाली, "आई, हिशोब कळतो म्हणूनच त्याला वाटतं की तो जिंकेल." सून शहाणी आहे. मला आवडत नाही, पण आहे.

इथे एक राष्ट्रीय यादी आहे. तिच्यात नाव पडलं की देशभरचे जुगार त्या माणसाला बंद. नाव स्वतः घालता येतं, आणि घरच्यांनाही अर्ज करता येतो. घरच्यांनाही, शामला. ते वाचलं आणि मला २०११ सालचं माझं टेबल दिसलं. पलीकडे तू, मोतिया रंगाच्या साडीत, हातात आपल्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरातला अर्ज: माझे पती दिनकर यांना कॅसिनोत प्रवेश देऊ नये. तुझा दीर मोरेश्वर तुला गाडीतून घेऊन आला होता आणि खाली थांबला होता. मी काय म्हणाले ते तुला आठवतंय, मलाही. "बायकोच्या अर्जावर नाव घालता येत नाही. आणि नवऱ्याला आवरायला सरकार कशाला हवं?" तू उठलीस, खुर्ची नीट आत सरकवलीस, सिस्टर बर्नाडेटनी शिकवल्यासारखी, आणि गेलीस.

पुढचं तूच मला पुन्हा पुन्हा सांगितलंस. बारा दिवसांनी दिनकररावांना सगळं कळलं. "मला सरकारदरबारी चोर ठरवलंस," म्हणाले, सुट्या भागांचं दुकान होतं तसं टाकून मोंबासाला मोरेश्वरकडे गेले, ते परत आलेच नाहीत. गेल्या वर्षी जूनमध्ये ते तिथेच वारले तेव्हा लॉकडाऊनमुळे नैरोबीची वेस बंद होती, तुला शेवटचं बघताही आलं नाही. मी इथून फोनवर "देवाची इच्छा" म्हणाले. देवाचा काय संबंध! अर्जाचं फक्त मोरेश्वरला ठाऊक होतं, म्हणून त्यानेच चुगली केली, असं तू धरलंस. दहा वर्षं त्याच्याशी बोलली नाहीस. वहिनी येईल म्हणून त्याने अस्थी ठेवून घेतल्यात, तर "नाटकं करतोय" म्हणालीस. मीही त्यावर "हं" म्हणाले.

त्याने काही सांगितलं नव्हतं. तुझा अर्ज फेटाळल्याचं पत्र मी टाइप करवून घेतलं आणि खाली लिहिलं, "प्रत माहितीसाठी: श्री. दिनकर", पत्ता दुकानाचा. कुठल्याही नियमात तसं नव्हतं, कुणी मला सांगितलं नव्हतं. सिस्टर म्हणायच्या ना, ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्या तोंडावर बोला? तू ते पाळलं नाहीस, म्हणून मी तुझ्या वतीने पाळलं. चांगलं काम केलं, असं वाटत सही केली. तू रडत मोरेश्वरचं नाव घेतलंस तेव्हा खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. यशोधनचा अर्ज भरून समोर पडलाय. उद्या माळ्यावर जाऊन त्याला आधी मीच सांगणार आहे. पण तुझ्याशी खोटं ठेवून ते जिने मला चढता येईनात, म्हणून आज हे पत्र. मला माफ करू नकोस, त्याची घाई नाही. मोरेश्वरला फोन कर. मोंबासाची गाडी कधीच सुरू झाली आहे, आणि तो अजून अस्थी सांभाळून बसलाय.

तू ठेवशील तर तुझीच,
उत्तरा