कॉन्सेप्टाबाईंच्या ओट्याची निरवानिरव

मी, जयवंत धोंडो नेरुरकर, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, राहणार बोरीवली, हा कागद पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. सौ. कुंदा समोर तांदूळ निवडत बसली आहे. तिला कोणी दडपण म्हणत असेल, तर ते लग्नापासूनचे आहे व त्याबद्दल माझी तक्रार नाही. छातीने नुकताच दोनदा इशारा दिला. डॉक्टर म्हणाले, शिडी चढू नका. पाट्या जमिनीवर लावण्याची पद्धत बोरीवलीत अजून आली नसल्यामुळे हे मृत्युपत्र करणे भाग आहे. यापूर्वी मी दुसरे केलेले नाही.

कलम १. राहत्या दोन खोल्या, भांडीकुंडी व देवघर सौ. कुंदा हिच्या पूर्ण मालकीचे. तिने कोणाला ठेवावे व कोणाला बाहेर काढावे हे तिचे तिने ठरवावे. आजवरही तीच ठरवत आली आहे.

कलम २. पोस्टातील शिल्लक मुलगी चि. पद्मजा हिच्या शिक्षणासाठी. माझे कुंचलेही तिलाच. तिचे अक्षर माझ्याहून वळणदार आहे आणि जीभ माझ्याहून वाईट. धंदा चालेल.

कलम ३. धाकटे बंधू चि. मधुकर यास 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी. तो माझ्या प्रकृतीची चौकशी करायला दुकानात आला, चहा प्याला, आणि जाताना माझ्या गाळ्याची लांबीरुंदी पावलांनी मोजून गेला. मी डोळे मिटून पडलो होतो, मेलो नव्हतो. हा गाळा त्याने कापडवाल्या विद्याधरपंतांना परस्पर कबूल केल्याचे मला नंतर बाजारात कळले. दुसरे काहीही त्याला देऊ नये.

कलम ४. आता गाळा. स्टेशन रोडवरील हा गाळा व त्याच्या पुढचा ओटा मी स्वकष्टाने खरेदी केला आहे. त्याची विल्हेवाट सांगण्यापूर्वी मंडळाबद्दल चार शब्द लिहिणे आवश्यक आहे. ते लिहिताना तोंडाला जी चव येते ती टर्पेंटाइनची नव्हे.

आमच्या 'लहान व्यापारी संरक्षक मंडळा'ची पाटी मीच रंगवली. त्यातला 'लहान' हा शब्द विद्याधरपंत टिपणीस यांनी मोठ्या अक्षरांत काढायला सांगितला. पंतांची कापडाची तीन दुकाने आहेत. तेच स्थापनेपासून अध्यक्ष. मंडळाने आजवर लहान व्यापाऱ्यांसाठी काय केले? येईल त्या साहेबाचा सत्कार केला, आणि जाईल त्या साहेबाचा निरोप समारंभ. हारांचा खर्च पाहता मंडळाने फुलवाल्याचे रक्षण केले, हे मात्र मान्य केले पाहिजे.

मग गेल्या वर्षी बोरीवली बृहन्मुंबईत आली, आणि रस्त्यावर आलेल्या फळ्या व छपरे काढा, अशा महापालिकेच्या नोटिसा आल्या. मंडळाचे शिष्टमंडळ साहेबांना भेटले आणि पेढे घेऊन परतले. पंत माझ्या दुकानात आले.

"जयवंतराव, पाटी घ्या. 'लहान व्यापाऱ्यांचा विजय.' लाल रंगात. सगळ्यांची छपरं वाचली!"

"साहेब फुकटात कसा राजी झाला?"

"फुकटात कसा? टोपलीवाल्या उठवायच्या, असं आपणच सुचवलं. रस्ता मोकळा दिसला की साहेब खूश."

"पंत, टोपलीवाल्यांपेक्षा लहान व्यापारी या बाजारात दुसरा कोण?"

"त्या कसल्या व्यापारी हो! व्यापारी म्हणजे ज्याच्या दाराला कुलूप लागतं तो."

मी पेढा खाल्ला नाही. पाटीही रंगवली नाही. लहानांच्या रक्षणासाठी काढलेल्या मंडळाने पहिले रक्षण केले ते सगळ्यांत लहान माणसांना साहेबाच्या हवाली करून. आठवडाभरात टोपल्या पालिकेच्या गाडीत चढल्या. गोराईच्या टोपलीवाल्या भर रस्त्यात सांडलेल्या भाजीवर बसून रडत होत्या, आणि आमचे कुलूपवाले सभासद वाचलेल्या छपरांच्या सावलीत उभे राहून बघत होते.

कॉन्सेप्टा मिरांडा तेवढी वाचली, कारण ती माझ्या ओट्यावर बसते आणि ओटा माझ्या मालकीचा आहे. भाजी आणि सुका जवळा विकते. नवरा गेल्यापासून तिचे घर या ओट्यावर चालते. मी शिडीवर असताना खालून शिडी ती धरते व वरच्या माणसाला शिव्या देते. मंडळाने मला कधी धरले नाही. पंतांनी तिला दोनदा बजावले आहे, "पेंटर आहे तोवर बस." म्हणजे मी मेल्यावर गाळा पंतांचा, आणि ही रस्त्यावर.

म्हणून हा गाळा, ओट्यासह, मी कॉन्सेप्टा मिरांडा हिला पूर्ण मालकीने देत आहे. कुंदाला विचारले. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "देताय तर नीट द्या. मेहरबानी केल्यासारखं लिहू नका. आणि रंगाचे डबे आधी घरातून हलवा." कॉन्सेप्टालाही सांगितले. ती भडकली. "मेल्यावर देतो म्हणतोस, पेंटर? मग मी काय तुझ्या मरणाची वाट बघत भेंडी विकू? शिडीवर चढू नको म्हंजे झालं!"

मंडळाच्या घटनेत नियम आहे, की सभासद मयत झाल्यास त्याचा गाळा ज्यास मिळेल तो आपोआप सभासद. पंतांनी तो आपल्या मुलांसाठी करून घेतला होता. त्याच नियमाने कॉन्सेप्टा सभासद होईल व मंडळाला तिचे रक्षण करावे लागेल. त्या रक्षणापासून तिला तिची मोतमाउली वाचवो.

गाळ्याचे पितळी कुलूपही तिलाच. ते तिने दिवसभर भाजीच्या टोपलीत, भेंडीवर, पंतांना येताजाता दिसेल असे ठेवावे.

कलम ५. सभासद वारला की मंडळ चौकात काळा फळा लावते : 'मंडळाचे आधारस्तंभ अमुक यांचे दुःखद निधन. बाजार दुपारपर्यंत बंद.' मजकूर पक्क्या रंगात माझ्याच हातचा आहे, नाव तेवढे खडूने बदलते. इतके स्तंभ कोसळूनही मंडळ उभे आहे, यावरून ते कशावर उभे असेल याची कल्पना यावी. माझे नाव त्या फळ्यावर घालू नये. शोकसभा घेऊ नये. घेतल्यास पद्मजाला बोलू द्यावे, म्हणजे पुन्हा कोणाची घेणार नाहीत.

तरीही पंत बाजार बंद करतीलच. टोपल्या उचलल्या तेव्हा त्यांनी दुकानाची एक फळी लावली नाही, पण मेलेल्यासाठी त्यांना उत्साह फार. तेव्हा सौ. कुंदा हिला, जिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमत आहे, माझी शेवटची सूचना : त्या दिवशी सगळा रस्ता बंद असला तरी कॉन्सेप्टाचा ओटा उघडा राहावा. मला नेताना तिने उठू नये, गिऱ्हाईक सोडू नये. कुलूपवाल्यांचा माल उद्याही विकला जातो. भाजी दुपारपर्यंत थांबत नाही.

हे सर्व मी स्वतः लिहून, वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही : जयवंत धोंडो नेरुरकर

साक्षीदार :
१. डॉ. शरच्चंद्र वागळे (शुद्धीत असल्याची खात्री केली. शिडीबद्दल ऐकत नाही.)
२. रेमंड परेरा, सायकलवाले, मंडळाचे सभासद (उद्यापासून असेन की नाही, माहीत नाही.)

मुक्काम बोरीवली, दिनांक १८ नोव्हेंबर १९५८