कानबाईच्या रोटांचे गहू

शिंदखेडा

दिपमाला बेटा,

परवा इंग्लंडहून फोनवर तू विचारलंस, "आई, समाज कसा बदलतो यावर माझा एम.ए.चा प्रबंध आहे. आपल्या घरात काय बदललं?" मी म्हटलं, काहीच नाही. खोटं बोलले.

कानबाईच्या सणाला नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या फक्त पुरुषांच्या नावानं मूठ-मूठ गहू घेतात. यंदा मी हळूच तुझ्या नावाची मूठ टाकली. तुझ्या वच्छलाकाकूनं पाहिलं! तुला परदेशी पाठवू नका म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं तिनंच.

ती म्हणाली, "नीट भरीसन टाक." मग स्वतःच्या नावाचीही एक मूठ घेतली. "हाई मना नावनी शे."

हे तू प्रबंधात घालशील आणि काकूला ते चालायचं नाही, म्हणून पत्र पाठवत नाही.

माझ्या नावाची मूठ मात्र राहूनच गेली, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

तुझी आई