पाच कड्यांचे घर धाकटीच्या नावे

मी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझे स्वकष्टार्जित दोन खोल्यांचे घर मी धाकट्या बहिणीस देते. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान इस्पितळात होते. मी त्यांच्या उशाशी बसलेली असताना भरदुपारी इकडे घरफोडी झाली. दागिने, ह्यांचे घड्याळ, टीव्ही, सगळे गेले. घराचा विमा होता. कंपनीचा माणूस पाहणीला आला. दार निरखून म्हणाला, "बाई, कुलूप तर शाबूत आहे. दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

"धाकटीकडे," मी म्हणाले. तिथेच थांबायला हवे होते. पण पुढे बोलून गेले, "तिची हल्ली जरा ओढाताण चालली आहे."

धाकटी स्वयंपाकघरात ह्यांचा डबा भरत होती. तिने ऐकले. डब्याचे झाकण लावले, किल्ली ओट्यावर ठेवली आणि निघून गेली. घर फोडल्याची खूण नाही म्हणून कंपनीने दावा फेटाळला. पुढे हे गेले, तेव्हा ती आली. माझ्याशी बोलली नाही.

दोन वर्षांनी न्हाणीघराची खिडकी दुरुस्त करताना सुतार म्हणाला, "मावशी, ही चौकट कोणीतरी बाहेरून उचकटून परत बसवलीय. हे बघा व्रण." चोर तिथून आला होता. हे मी कोणालाच सांगितले नाही. धाकटीकडे कुठल्या तोंडाने जाणार? त्याऐवजी खिडक्यांना गज ठोकले आणि दाराला आतून एकेक करत पाच कड्या बसवल्या. तरी डोळ्याला डोळा लागत नसे.

मागच्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला. शेजारच्या नर्सबाईंनी हाका ऐकल्या, पण आत येणार कुठून? सुतार येऊन दार फोडेपर्यंत तीन तास मी ओल्या फरशीवर पडून होते. धाकटीला नुसते "चोरी तू केली नव्हतीस" एवढे सांगायचे राहून जाणार, याचीच धास्ती वाटत होती.

२. विम्याचे कागद कपाटाच्या वरच्या खणात आहेत. धाकटीने मुदत चुकवू नये, बारीक अक्षरातले आधी वाचावे, वस्तूंचे फोटो काढून ठेवावेत. एका खिडकीचे गज आतून उघडतील असे करून घ्यावेत.

३. बँकेतील ठेव नणंदेच्या मुलीला. जावेला काही नाही. "टाळेबंद म्हातारी" हे नाव तिनेच पाडले.

४. साक्षीदारांना काही देता येत नाही, असे वकील सांगतात. म्हणून सुतार आणि नर्सबाईंना नुसते आभार.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मला तेवढा धीर नाही. सह्या झाल्या की नर्सबाईंचा हात धरून मी धाकटीकडे जाणार आहे आणि कलम एक तिला वाचून दाखवणार आहे. तिने आत घेतले नाही, तर जिन्यात उभी राहून, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असे वाचीन. मी तिच्याविषयी बोलले तेही परक्या माणसासमोरच. घर नको म्हणाली, तर ते दुसऱ्या कोणाला देईन. त्या कलमातला बाकी मजकूर मात्र आहे तसाच राहील.

लिहून देणार : सही (थोरली बहीण)
साक्षीदार : १. सुतार, सही २. शेजारच्या नर्सबाई, सही
ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी, सकाळी