बॉम्बे मिक्सचा रिकामा डबा

पंचवटी, नाशिक

चि. वल्लरीस,

मामाचे भरभरून आशीर्वाद. मामीचेही आहेत, पण ते वेगळे धर (माझे तुमच्यात मिसळू नका, असं तिने बजावलंय). तुझा खोकला गेला का? आले-मध घेत जा. माझा गुडघा ठिकाणावर आहे, मामीचं मन तेवढं नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

फोनवर तू म्हणालीस ना, की लेस्टरमध्ये आता सगळं मिळतं, गोऱ्यांच्या साध्या दुकानातसुद्धा, त्यामुळे घरची आठवणच येत नाही? तू सहज बोललीस गं. पण कॉलेजची पाच वर्षं जिने तुझा डबा भरला, तिला ते लागलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही (फोन मी लावला होता ना!). त्यातच तुझ्या मैत्रिणीच्या हातून पुरावाही दाखल झाला: पत्र्याच्या डब्यात बॉम्बे मिक्स, बरणीत मँगो चटणी आणि मसाला चहाच्या चवीची बिस्किटं.

मामीने चष्मा लावून पंचनामा केला. चटणी म्हणजे व्हिनेगरात पडलेला साखरांबा. बिस्किटं चहात बुडवायची की चहाऐवजी खायची, ते काही ठरेना. आणि बॉम्बे मिक्समध्ये शेव, वाटाणे, शेंगदाणे, सगळी मंडळी हजर, पोहा एकही नाही. नाशिकच्या मुलीने बिनपोह्यांचा चिवडा खावा, तोही मुंबईच्या नावाचा! तरी तिने रीतीप्रमाणे त्यावर कच्चा कांदा घातला, लिंबू पिळलं आणि सहादूंना बशी दिली (मखमलाबादचे मळेवाले, आपल्याकडे कोथिंबीर त्यांचीच येते). खाऊन त्यांनी बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, पोरीला तिकडं पोहे मिळत नसतील. झालं, मामीच्या डोळ्यांना पाणी.

मी मात्र दुपारी जेवून आडवा झालो, की तुझ्याकडे येतो. पंचवटी कारंजावरून डावीकडे वळलं, की लगेच तुझी गल्ली लागते (स्वप्नात व्हिसा मागत नाहीत). सगळीकडे धुकं असतं आणि धुक्याला फोडणीचा वास येतो. कोपऱ्यावरच्या दुकानात तू सांगितलेली ती थंडगार कांदाभजी पावाच्या दोन कापांमध्ये निजलेली असते. मामीच्या माहेरचा, नामपूरचा कांदा एवढ्या लांब येऊन असा गार पडलेला पाहून मला भरून येतं. गल्ल्यावरची गोरी आजी अगदी मामीच्या आवाजात विचारते, वरून अजून कांदा घालू का. मी हो म्हणतो आणि जागा होतो.

आता खरा पेच डब्याचा. बॉम्बे मिक्स संपलं, आणि कुणाचा डबा आपण रिकामा परत करत नाही. मामीने त्यात पोह्यांचा चिवडा भरला. पोस्टाने पाठवला तर चुरा होईल, म्हणून लेस्टरला जाणारं कुणी मिळेपर्यंत थांबलो. कुणी मिळालं नाही, चिवडा सादळला, मी खाल्ला. तिने पुन्हा भरला. अशा चार खेपा झाल्या. डब्याबरोबर मीही भरत चाललोय, पट्ट्याला नवं भोक पाडलं.

तुझा,
सादळलेल्या चिवड्याचा एकमेव वारस,
बाळाजीमामा

ता. क. डबा कुणाबरोबरही पाठवायचा नाही, असं आता ठरलंय. तुझा डबा आहे, तू ने. दिवाळीला ये.

आणखी ता. क. मी सांगितलं म्हणू नकोस. नावं ठेवली तरी ते बॉम्बे मिक्स संपवलं मामीनेच. रोज दुपारी, मी झोपलो की. एकदा मी लवकर उठलो, तर ही बोटाने तळाचा चुरा टिपत होती. मला पाहून दचकली, मग म्हणाली, "पोरगी रोज काय खाते, ते कळायला नको?"

येताना आणखी एक डबा आण. मोठा.