आईची कॉफी आणि दोन लिटरांचे गणित

जिनिव्हा, ९ मार्च

प्रिय बाबांना मेरेटेचा मनापासून नमस्कार.

मी सुखरूप आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तिकडे आपल्या गावी, युटलंडात, अजून बर्फ आहे का?

आपल्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला. तणनाशकाचा अंश मर्यादेच्या तिप्पट आहे. घाबरू नका, इथे आमच्या कचेरीत आम्ही पिण्याच्या पाण्याच्या या मर्यादा फार सावधपणे आखतो. रोज दोन लिटर पाणी सत्तर वर्षे प्यायल्याने लाख माणसांत कर्करोगाचा फार तर एक रुग्ण वाढावा, असे ते गणित असते. मला ते अजूनही सुंदर वाटते.

परवा फोनवर हे गणित ऐकून तुम्ही म्हणालात, "दोनच लिटर? अगं, धारा काढून होईपर्यंत तुझी आई तेवढी कॉफीच संपवायची!" तुम्ही हसलात. मला हसता आले नाही.

तीन वर्षांपूर्वी नाताळात मी नमुन्याची बाटली घेऊन आले होते. "तुझे आजोबा हेच पाणी पिऊन नव्वदीला पोचले, बाईसाहेब!" असे तुम्ही चिडवलेत, आईने कॉफी ओतली आणि मी संकोचाने बाटली रिकामीच परत नेली. पुढच्या वर्षी कर्करोगाने आई गेली. तो या पाण्यामुळेच झाला का, हे माझे गणित सांगू शकत नाही. ते लाखांविषयी बोलते, एकीविषयी नाही. तरीही ती बाटली मी भरायला हवी होती.

उकळल्याने हे द्रव्य जात नाही. गावाच्या नळाची जोडणी मिळेपर्यंत शेजारच्या बोडिलकाकूंच्या नळाचे पाणी आणा, कॉफीसाठीसुद्धा. कॉफी मात्र आईच्याच किटलीत करा. किटलीचा काही दोष नव्हता.

तुमची,
मेरेटे