दार, फ्रिज आणि काकांचा नकाशा

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस काकांचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझी काकू परवा धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. गेली म्हणजे रागावून गेली. आमच्या स्वयंपाकघराचं दार आत उघडतं आणि त्या दाराच्या पाठीमागेच फ्रिज आहे, हे तुला माहीत आहेच. ती फ्रिजमध्ये डोकं घालून काही शोधायला लागली की मला नेमकी पाण्याची आठवण होते, मी दार ढकलतो आणि ते तिच्या पाठीत बसतं. वर्षानुवर्षं हे चाललंय. या वेळी तिच्या हातात दह्याचं पातेलं होतं. दही, पातेलं आणि तुझी काकू अशी तिघंही फ्रिजच्या आत गेली. मी घाबरलो आणि सगळा जन्म लोकांचे दात काढण्यात गेल्यामुळे सवयीने तोंडातून निघून गेलं, की झालं झालं, आता चूळ भरा.

तिने आधी कपाळावरचं दही पुसलं. मग म्हणाली, की या घरात आता ते स्वयंपाकघर तरी राहील नाहीतर मी तरी. आणि बॅग भरायला घेतली.

मी ठरवलंय, स्वयंपाकघर जाईल. सगळं घरच नव्याने मांडायचं आणि नकाशा स्वतः काढायचा. तू दिलेल्या कॉम्प्युटरवर घर काढायचा तो प्रोग्रॅम आहे, त्यावर बसलो. घर काढलं, पण ते काडेपेटीएवढं आलं. त्यात सोफा आणून ठेवला तर सोफ्याने अख्खं घर झाकून टाकलं आणि वर तो अंगणातही उरला. माझं काय चुकतंय?

फोन करू नकोस, लिहूनच कळव. मागच्या फोनवर तू घाईघाईत म्हणालीस, आधी सेव्ह करा. मला वाटलं शेव्ह करा. म्हटलं, असेल काही शिस्त. दाढी करून आलो तोवर वीज जाऊन आली होती आणि भिंती कायमच्या गेल्या होत्या. गुळगुळीत गालांनी कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिलो.

काकूला यातलं काही कळवू नकोस. तुझ्यावर लोभ आहेच, तो मदतीच्या वेगाने वाढेल.

तुझा,
काका


ता. ९ फेब्रुवारी

ती. काकांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. आमचे आर्किटेक्टसाहेब पाठीमागून वाचत होते हे मला ते हसल्यावर कळलं. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि चूळ भरून ते जेवायला गेलेत.

तुमचं घर काडेपेटीएवढं झालं कारण प्रोग्रॅम मिलिमीटरवर लावलेला आहे. तुम्ही बारा लिहिलंत ते फूट समजून, त्याने घेतलं मिलिमीटर. म्हणजे तुमची बैठकीची खोली एका दाढेएवढी झाली. सोफा मात्र प्रोग्रॅमच्या कपाटातून आला, तो खऱ्या मापाचा होता. तेव्हा पहिली रेघ ओढायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन माप फुटांवर करा. नंतर बदलू नका, नाहीतर आणखी गोंधळ होईल. आणि सेव्ह करा म्हणजे जतन करा. गालांचा काही संबंध नाही. दर वेळी नवं नाव देऊन जतन करत जा, म्हणजे आजचं बिघडलं तरी कालचं घर शाबूत राहील.

आता एक सांगू का? रागावू नका. सगळं घर कशाला पाडता? दार बाहेर उघडेल असं करा. नकाशात दारावर क्लिक केलं की छोटा बाण दिसतो, तो दाबला की दार उलटं फिरतं. खऱ्या घरात सुतार अर्ध्या दिवसात करून देईल. आणि काकूला एक फोन करा हो. नकाशाने माणूस परत येतं का ते मला माहीत नाही, पण फोनने कधी कधी येतं.

काकूला मी काही बोलणार नाही. माझ्यावर माया राहू द्या, प्रोग्रॅमवर थोडं कमी रागवा.

तुमची,
भिंगरी


ता. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

दाराचा तुझा सल्ला वाचला. तू अजून लहान आहेस. दात किडला तर आपण तोंड दुसरीकडे फिरवत नाही. तरी तुझा मान राखून नकाशात बाण दाबून पाहिला. दार बाहेर उघडलं आणि ते थेट न्हाणीघरातून येणाऱ्या माणसाच्या नाकावर. न्हाणीघरातून येणारा माणूस मीच असतो. बाण पुन्हा दाबला.

माप मात्र बरोबर बसलं. घर घराएवढं झालं आणि मला दोन वेळचं जेवण गोड लागलं. पण नवी दुखणी सुरू झाली आहेत. एक म्हणजे पलंग छपरावर जाऊन बसलाय. उतरवला की पुन्हा जातो. दुसरं म्हणजे भिंती. मी एक भिंत जरा अलीकडे घ्यायला जातो तर ती टुणकन उडी मारून शेजारच्या भिंतीला चिकटते, जशी काही त्यांची लहानपणची मैत्री आहे. या भानगडीत आपला कमोड बाहेरच्या भिंतीला चिकटला, रस्त्याकडे तोंड करून. शेजारची बाई वर्तमानपत्र मागायला आली होती, तिने पडद्यावर पाहिलं आणि वर्तमानपत्र न घेताच गेली.

घरात फिरवून बघायला प्रोग्रॅममध्ये एक माणूस मिळतो. त्याला म्हटलं, जा बाबा, स्वयंपाकघरातून जेवायच्या खोलीत जाऊन दाखव. तो भिंतीतून आरपार गेला, दुसऱ्या भिंतीतून बाहेर पडला आणि रस्त्याने चालायला लागला. तोही गेला घर सोडून.

पण त्या माणसामुळेच एक सुचलं. स्वयंपाकघर आणि जेवायची खोली यांच्यामधली भिंत काढायची. म्हणजे तिथली जुनी मुळासकट काढून थोडी पलीकडे नवी बांधायची, तिला मोठी खिडकी. फ्रिज दारापासून लांब. गवंड्याला बोलावून दाखवलं तर तो म्हणाला, की सामानाच्या गर्दीत त्याला भिंती दिसत नाहीत. त्याला फक्त भिंती कशा दाखवू? आणि नकाशा झाला की त्याची एक प्रत मी तुझ्या काकूला पोस्टाने पाठवणार आहे, काही न लिहिता. तिला आश्चर्य वाटू दे.

आशीर्वाद आहेतच, घाईने उत्तर दिल्यास जास्तीचे.

काका


ता. २३ फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

पलंग छपरावर जातो कारण तुम्ही वरचा मजला निवडून ठेवलाय. बाजूला मजल्यांची नावं दिसतील, तिथे तळमजला निवडा आणि मग पलंग ठेवा. भिंतींची मैत्री तोडायची असेल तर चिकटण्याची सोय बंद करा. लोहचुंबकाचं चित्र आहे, ते दाबलं की झालं. कमोड आधी आत घ्या, बाकी सगळं नंतर.

गवंड्यासाठी थर वापरा. नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. भिंती एका थरावर, सामान दुसऱ्या थरावर. थराच्या नावापुढे एक डोळा असतो. तो मिटला की त्या थरावरचं सगळं दिसेनासं होतं. पुसलं जात नाही, फक्त लपतं. डोळा उघडला की परत येतं. आणि छापताना ‘पानात बसवा’ असं येईल ते निवडू नका, नाहीतर माप बदलेल आणि गवंडी तुम्हाला बाहुलीचं स्वयंपाकघर बांधून देईल.

काकूला नकाशा पाठवताना दोन ओळी लिहा हो. निदान ‘कशी आहेस’ एवढं तरी.

तुमची,
भिंगरी


ता. ६ मार्च

चि. भिंगरीस काकूचे अ. उ. आशीर्वाद.

तू तिकडे नोकरीत सुखी असशील. मी इथे बहिणीकडे बरी आहे आणि आता बरीच राहणार आहे.

काल तुझ्या काकांचं पाकीट आलं. आत ना पत्र ना चिठ्ठी, नुसता घराचा नकाशा. मी आपली हरखून उघडला. बहिणीला हाका मारून बोलावलं. चष्मा पुसून बघितला आणि मग तो काढूनच ठेवला. घर छान काढलंय, खोटं कशाला बोलू. फक्त त्यात मी नाही.

आमच्या दोन खाटा शेजारी शेजारी असतात. नकाशात एकच आहे, यांची. माझं लिहायचं टेबल नाही, पुस्तकांची मांडणी नाही, कपाट नाही, उंच स्टूलसुद्धा नाही. आणि बैठकीच्या खोलीत, मधोमध, काय आहे सांगू? दवाखाना बंद करताना घरी आणलेली ती दात काढायची खुर्ची. येणाऱ्या पाहुण्याला जिच्यावर बसवतात आणि मग चुकून पायाने कळ दाबून आडवं करतात ती. तिच्या पाण्याच्या नळीसकट काढली आहे. तिला जागा आहे, मला नाही.

मी छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली. गळलेला मजकूर मला लगेच दिसतो, पण आपणच गळलेलो असू हे बघायची वेळ पहिल्यांदा आली. लाल पेन घेतलं आणि प्रत्येक खोलीत ‘गाळलंय’ अशी खूण करून नकाशा साभार परत पाठवला. यांचे फोन येताहेत, मी घेत नाही. बहीण म्हणते, की तुझ्यासाठी कपाटाचे दोन खण रिकामे करते. करू दे म्हटलं.

तू मात्र अंतर देऊ नकोस.

काकू


ता. १० मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

नकाशा परत आलाय आणि त्याला गोवर झालाय. खोलीखोलीत लाल खुणा. फोन उचलत नाही. तिच्या बहिणीने उचलला आणि म्हणाली, की मी तिच्यासाठी कपाटाला कागद घालते आहे. म्हणजे काय गं? माझं काय चुकलं? सगळ्यात आधी मी तिचंच सामान काढलं होतं. पलंगाच्या आधी, संडासाच्या आधी. मूळ फाइल तुला मेलने पाठवली आहे. बघ आणि जे असेल ते स्पष्ट सांग. मी लोकांना स्पष्टच सांगत आलोय.

जेवण होत नाही. दार उघडं ठेवून दिलंय, तरी आत शिरताना हळूच शिरतो.

काका


ता. १२ मार्च

ती. काकूस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

बहिणीला म्हणावं, खण तसेच भरलेले राहू देत. आधी हे वाच.

काकांनी मला फाइल पाठवली. उघडली तर तुला दिसलं तेच मलाही दिसलं, एक खाट आणि ती भयंकर खुर्ची. मग बाजूला बघितलं. थरांच्या नावांत एका थराचं नाव होतं ‘हिचं’. त्याच्यापुढचा डोळा मिटलेला. गवंड्याला भिंती दिसाव्यात म्हणून सामानाचा थर वेगळा करा आणि डोळा मिटा, हे मीच त्यांना लिहिलं होतं. त्यांनी वेगळा केला तो फक्त तुझ्या सामानाचा. स्वतःचं भिंतींच्याच थरावर होतं, ते तिथेच राहिलं. गवंड्याला दाखवायची प्रत काढली आणि तीच तुला पाठवली, डोळा उघडायचा विसरून. म्हणजे शुद्ध वेंधळेपणा. त्यात दुष्टपणा शोधलास तर तुलाच दमायला होईल.

मी डोळा उघडला. काकू, घर भरून गेलं. तुझी खाट आहे, त्यांच्या खाटेला चिकटून, इतकी की एका खाटेचा पाय दुसरीत शिरलाय. टेबल त्यांनी चार ठिकाणी ठेवून पाहिलेलं दिसतं, कारण चारही टेबलं अजून तिथेच आहेत. पुस्तकांची मांडणी आहे. स्टूल आहे. आणि फ्रिज पार लांबच्या भिंतीला आहे. फ्रिजपुढे एक बाई उभी केली आहे. प्रोग्रॅममध्ये बायकांची एकच आकृती मिळते, ती ऑफिसला निघालेली असते. त्यामुळे तू कोट घालून, हातात बॅग घेऊन फ्रिजमध्ये बघते आहेस. तुझ्याभोवती त्यांनी मोठं वर्तुळ काढलंय आणि आत लिहिलंय, ‘इथे कोणी मागून यायचं नाही’.

आमच्या साहेबांनी ते पाहिलं. या वेळी हसले नाहीत. म्हणाले, की अशी सूचना त्यांनी आजवर कुठल्या नकाशात वाचली नव्हती.

यापुढे तुझं तू ठरव. माझ्यावर लोभ असू दे, आणि थोडा त्यांच्यावरही.

तुझी,
भिंगरी


ता. २ एप्रिल

चि. भिंगरीस काकूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

घरी येऊन पंधरवडा झाला. तुझं पत्र वाचून मी त्याच दिवशी निघाले. बहिणीने घातलेला कागद वाया गेला म्हणून ती जरा फुगली आहे. आल्या आल्या मी पडद्यावर स्वतःला पाहिलं आणि यांना म्हटलं, की असला कोट मी मेले तरी घालणार नाही. हे म्हणाले, की बदलायचा प्रयत्न केला तर तुझ्या जागी झाडाची कुंडी येत होती. मग मीच माउस हातात घेतला. तीन टेबलं काढून टाकली, खाटेचा पाय सोडवला. खुर्ची गॅलरीत हलवली आहे, तिथे हे दुपारी आडवे होऊन पेपर वाचतात. दोघांचा मिळून एकच थर केलाय.

आता खरी बातमी. गवंड्याने गेल्या आठवड्यात मधली भिंत पाडली. घरभर धूळ, भांड्यांवर धूळ, यांच्या भुवयांवर धूळ. नवी भिंत उभी राहायची होती, मोठ्या खिडकीची. चौकट येऊन पडली होती, विटा आल्या होत्या. काल दुपारी गवंडी जेवायला गेला तेव्हा मी गॅसजवळ उभी होते आणि हे जेवायच्या टेबलावर. मध्ये काहीच नाही. यांनी पहिला घास घेतला आणि आपल्याशीच पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणाले. मी ‘काय?’ म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की मला ऐकू आलंय.

त्या भिंतीआडून यांनी काही म्हणायचं, मी ‘काय’ ओरडायचं, यांनी ‘काही नाही’ ओरडायचं, असा आमचा संसार झाला गं. काल पहिल्यांदा एका दमात कळलं.

गवंडी परत आला तेव्हा त्याला सांगितलं, की चौकट घेऊन जा आणि विटाही ने, भिंत नको. तो म्हणाला, की नकाशात तर आहे. हे कॉम्प्युटरपाशी गेले, भिंत निवडली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुसून टाकली. या वेळी नुसती लपवली नाही, मी जवळ उभी राहून बघितलं.

यांनी काय म्हटलं होतं, ते तू विचारशीलच. भाजीत मीठ कमी आहे, असं म्हणाले.

नव्या स्वयंपाकघरात जेवायला ये. मीठ तुझ्या हाताने घाल, माया आमची आहेच.

काकू