फाडून टाक म्हणाला होता

१९ डिसेंबर, शुक्र. येळवस (मार्गशीर्ष अमावास्या).
सीमेवरचं आमचं राजेश्वर, अख्खं गाव शेतात. भज्जी, उंडे, आंबील. येळवशीला दुसऱ्याच्या शेतातून कुणी न जेवता जायचं नाही, त्यामुळे शिवराजही आला. (यापुढे शि. लिहीन. बसस्टँडमागे मोटार रिवाइंडिंगचं दुकान, घर लिंगायत, आमचं जमून तीन वर्षं झाली.) अप्पांच्या लेखी तो फक्त बोअरची मोटार भरून देणारा. स्वतः वाढत होते त्याला. "घे की रे, लाजायलास कामून." आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि भज्जीत पळी घातली. तिला कळलंय. कधी कळलं ते माहीत नाही.

परत येताना अप्पांचा फोन, उदगीरला. ४ तारखेला रविवारी मंडळी बघायला येणार. "पोरगी समजूतदार हाय आमची," असं दोनदा म्हणाले. मी मागेच चालत होते. मला विचारावं असं त्यांना काही वाटलं नाही.

२१ डिसें., रवि.
दुपारी आई नवी तूर निवडत बसली होती. मी तिच्यासमोर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवला आणि कोरियन पिक्चर लावला. हिंदीत डब केलेला. एका मुलीला शिलाई मशीनच्या खणात आईची जुनी पत्रं सापडतात, लग्नाआधीची. मग एकदा आईची गोष्ट, एकदा मुलीची. मला वाटलं आई कंटाळेल. कंटाळली नाही. "हे लोक जेवतात कधी?" एवढंच विचारलं. तूर निवडायची राहून गेली.

मुलगी पत्र उघडून वाचायला लागली तर आई म्हणाली, "तिला वाचता तरी यायलंय." आणि सूप घेऊन उठली. पिक्चर अर्धा राहिला.

कुणाला वाचता येत नाही? आई सातवी पास आहे.

२२ डिसें., सोम.
दिवसभर सेंटरवर (मी चालवते ते ऑनलाइन कागदपत्रांचं) गर्दी. पहाणीचे उतारे (इकडचा सातबारा), पीकविमा, कुणाची तलाठ्याकडची नोटीस. सगळे कागद कन्नड, माणसं सगळी मराठी. बोलायला कन्नड फाडफाड, कागद पुढे आला की "रेणुकाबाई, काय लिवलंय बघ की." अर्धं गाव माझ्या डोळ्यांनी वाचतं.

वाचून दाखवताना मी गोड करून सांगत नाही. जमीन गेली असेल तर गेली म्हणून सांगते. हा माझा एकच नियम.

शि. चहा घेऊन आला. उदगीरचं सांगितलं. "बघू. ताईचं लग्न होऊ दे, मग घरी सांगतो." ताईचं दोन वर्षांपासून होतंय.

२४ डिसें., बुध.
आई आज आपणहून बोलली. कागदांची पिशवी आणली, ज्यातून मी शंभर वेळा पहाणी काढलीय तीच. तिच्या सातवीच्या प्रगतिपुस्तकात घडी घालून ठेवलेला एक कागद. वहीचा, रेघांचा. घड्यांवर विरलेला. सगळं कन्नड.

तुटक तुटक सांगितलं, तसंच लिहिते. लग्नाच्या आदलं वर्ष, एकोणतीस वर्षं झाली. माहेर मादन हिप्परगा. तिथल्या कापडदुकानाच्या साड्यांना आई फॉल लावून द्यायची. दुकानदाराचा मुलगा. लिंगायत. (इथं मी हसले. आई हसली नाही.) दोन वर्षं बोलणं, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. त्यानं तोंडी सांगितलं होतं, पुनवेला गाणगापूरला ये, महाराष्ट्रातली इतकी गर्दी असते की आपण दोघं कुणाला दिसणार नाही, तिथून पुढे पुण्याला. कुठे आणि कधी भेटायचं ते नंतर कळवतो म्हणाला. पुनवेच्या चार दिवस आधी साड्यांच्या गठ्ठ्यातून हा कागद आला.

आईची शाळा मराठी, त्याची कन्नड. दोन वर्षांत दोघांच्याही हे ध्यानात आलं नाही. बोलताना कधी अडलंच नव्हतं.

"मग कुणाकडून वाचून घेतलं नाहीस?"
"कुणाला दावू? भावाला? मास्तरला?"

गेली नाही. कुठे जायचं ते कागदात, आणि कागद मुका. पुढच्या वैशाखात अप्पांशी लग्न.

आता कळलं, अप्पा दरवर्षी गाणगापूरला चला म्हणतात तेव्हा हिचे गुडघे का दुखतात. मागे मी तिला कन्नड अक्षरं शिकवते म्हणाले होते, तर म्हणाली होती मला काय करायचंय. आज म्हणाली, "शिकले असते तर वाचावं लागलं असतं."

उद्या अप्पा मळणीला गेले की वाच म्हणाली. माझ्यात तेवढा धीर नाही. रात्र जायची वाट न बघता मी गोठ्यामागे जाऊन वाचलं.

२५ डिसें., गुरु.
कागदात असं आहे, माझ्या मराठीत:

घरी कळलं. सोलापूरची मुलगी बघितली आहे. दुकान माझ्या हातात देतात. पुनवेला येऊ नकोस, मी येणार नाही. तू समजूतदार आहेस. वाचून फाडून टाक.

बस. सही पण नाही.

सकाळपासून दोन मनं. खोटं वाचावं का? देवळाच्या पायरीवर तीन दिवस वाट बघतो, असं काहीतरी. पिक्चरात असंच असतं. तिला तेच ऐकायची सवय झालीय इतकी वर्षं. आणि माझाही स्वार्थ आहे, का लपवू? आई काल म्हणाली होती, मी गेले न्हाई, तू जा. ती माझ्या बाजूनं उभी आहे ती या कागदाच्या जिवावर. खरं ऐकून म्हणाली की बाप्ये सगळे असलेच, उदगीर बरं, तर?

तरी जसं होतं तसं वाचलं. कन्नडमध्ये, एक अक्षर न गाळता. तलाठ्याच्या नोटिशीला एक नियम आणि आईला दुसरा, हे मला जमलं नसतं.

आई म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. "येऊ नको असंच हाय?" व्हय म्हटलं.

तिनं कागदाची घडी घातली. मग: "मला वाटायचं त्यो तितं हुबा हाय. पुनव आली की वाटायचं. तुज्या बापाच्या शेजारी बसून मी दुसऱ्याची माफी मागत हुते गं, रेणे."

मग, "मुडदा बशिवला त्याचा." आणि म्हशीला वैरण टाकायला गेली. मी रडले. ती नाही.

२७ डिसें., शनि.
आई बोलत नाही. भाकरी नेहमीपेक्षा जोरात थापते.

मी शि.चे मेसेज मागे मागे जाऊन वाचले. बघू. सांगतो. थोडं थांब. "तू समजून घेशील." हे तर किती वेळा! मी प्रत्येक वेळी खाली बदाम टाकलाय. माझी मलाच चीड आली. आईला निदान वाचता येत नव्हतं. मला तर सगळं येतं.

२९ डिसें., सोम.
दुपारी शि.च्या दुकानात. तो तांब्याच्या तारेचा वेढा घालत होता, हात थांबवला नाही. सगळं सांगितलं, कागदाचं पण. म्हणाला, "मी काय तसा हाय व्हय?"
म्हटलं, मला काय माहीत. तू कसा आहेस ते तू फक्त मला सांगितलंयस, ते पण मोबाइलवर.
"अव्वाच्या कानावर घातलंय. ती इचारायलीय, पोरगी लिंगदीक्षा घेणार का." (अव्वा म्हणजे त्याची आई.)
"आधी मला मागायला या, मग विचारा. मागायच्या आधीच अटी?"
म्हटलं, ४ तारखेला उदगीरवाले अकराला येतात. तू नऊला ये, अप्पांसमोर बस, तोंडानं बोल. मेसेज नको. चिठ्ठी नको. तोपर्यंत मी फोन उचलणार नाही.
म्हणाला, "येतो."
"सांगतो" नाही म्हणाला. एवढं टिपून ठेवते.

३१ डिसें., बुध.
आई आज आपणच म्हणाली, तो पिक्चर लाव, शेवट बघू. शेवटी काय, आईचं राहिलेलं प्रेम मुलीच्या वाट्याला येतं, ज्याच्यावर मुलीचं मन तो नेमका त्या जुन्याचाच मुलगा. मी डोळे पुसले. आई म्हणाली, "शिवराजचा बाप कोण?"
"भालकीचा. शेती. कापडदुकान नाही."
"बरं झालं."
हसलो. दहा दिवसांनी पहिल्यांदा. पिक्चरात सगळं नशीब जुळवून आणतं, आपल्याकडे बससुद्धा वेळेवर येत नाही. मग आई म्हणाली, पुनव शनवारी हाय, गाणगापूरला जाऊ. गुडघे? "बरे हायत."

३ जाने., शनि. पौर्णिमा.
पहाटेची बस, कलबुर्गीला बदलली. अप्पा खूश, बायको देवाला निघाली म्हणून. नारळाला पैसे दिले. त्यांचं वाईट वाटलं. ते वाईट नाहीत, फक्त विचारत नाहीत.

गर्दी म्हणजे काय! सोलापूर, पुणे, सगळ्या गाड्या. आई संगमावर पायऱ्यांवर उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून सगळीकडे बघितलं, बाजारात रिकामी जागा बघतात तसं. "एवढ्या गर्दीत आलं असतं तर कुनाला दिसलं सुदीक नसतं." देवळात गेलो, माधुकरी मागितली, तीच खाल्ली. अप्पांसाठी पेढे.

मला वाटत होतं कागद ती नदीत सोडेल. परतीच्या बसमध्ये विचारलं. कमरेच्या पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "फाडून टाक म्हनला हुता न्हवं? मग न्हाई फाडनार."

४ जाने., रवि.
अंगणात बसून लिहितेय. नवी साडी नेसायची होती, नेसले नाही. सेंटरवर जाते तोच ड्रेस.

आईनं सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला केली, मोठ्या पातेल्यात. अप्पा म्हणाले, एवढी कामून? उदगीरवाले चारच हायत.
आई म्हणाली, "नऊला शिवराज यायलाय."
"मोटार तर चालू हाय."
"मोटारीला न्हाई. रेणूला मागायला."

अप्पांनी पातेल्याकडे बघितलं. मला म्हणाले, "तू समजूतदार हायस, तुला कळतंय."
मी म्हटलं, नाही अप्पा, मी समजूतदार नाही. ते उदगीरला तुम्ही चुकीचं सांगितलंत.
पूर्ण वाक्य बोलले. अप्पा खुर्ची भिंतीकडे फिरवून बसलेत. उदगीरला येऊ नका असा फोन केला नाही. मला हाकलूनही दिलं नाही.

नऊ वाजून गेले. सव्वानऊ. साडेनऊ. फोन घरात ठेवलाय, मुद्दाम.

आई उंबऱ्यावर आहे. म्हणाली, "न्हाई आला तर?"
न आला तर मी रात्री रडेन. पण उदगीरवाल्यांना नाही मीच सांगणार, त्यांच्यासमोर बसून, तो असो नसो. मला कुणाची वाट बघत एकोणतीस वर्षं घालवायची नाहीत.
हे आईला मोठ्यानं सांगितलं. अप्पांना ऐकू गेलं असणार. खुर्ची हलली.

कोपऱ्यावर गाडीचा आवाज. शि.ची मोटारसायकल की उदगीरवाल्यांची जीप, अजून कळत नाही. आईनं पातेल्यावरचं झाकण काढलंय. मी उठते.